वातीवाचून दिवा

आकाशातून पडलेली वस्तू पाहायला मी आयुष्यात एकदाच गेलो, आणि तीही आमच्या सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात. २०२२ सालचा गुढीपाडवा होता, २ एप्रिल. गुढी उतरवून झाली होती, पुरणपोळीने अंग जड झाले होते आणि मी गच्चीवर वारा खात बसलो होतो. पावणेआठच्या सुमारास आकाशात जळत्या तुकड्यांची एक रांग दिसू लागली. उल्का डोळा लवेपर्यंत नाहीशी होते. ही रांग मात्र रात्रीची पॅसेंजर जावी तशी सावकाश सरकत होती, डबे मोजून घ्यावेत इतकी. खाली गल्लीत पोरे ओरडली, कुत्री भुंकली आणि मग सगळे निवांत झाले. थोड्या वेळाने बातमी आली की, आमच्याच तालुक्यात लाडबोरीला आकाशातून एक भले मोठे धातूचे कडे पडले आहे. पवनपारकडे एक गोळाही सापडला.

कडे सिंदेवाहीच्या ठाण्यात आणून ठेवले, तेव्हा ते पाहायला जत्रा लोटली. आठ-दहा फूट व्यासाचे, कडेने करपलेले, एखाद्या राक्षसाच्या बैलबंडीच्या चाकाची धाव निखळून पडावी तसे. मी पडलो विज्ञानाचा जुना मास्तर, तेव्हा गर्दीने मला पुढे ढकलले.

"गुरुजी, हे कायचं व्हय? अन् कोन्या कामाचं आहे?"

म्हटले, अग्निबाणाचा तुकडा दिसतो. पुढे जाणकारांनीही तेच सांगितले: २०२१ साली चीनने सोडलेल्या एका अग्निबाणाचा हा उरलेला भाग. काम संपल्यावर तो पृथ्वीभोवती फिरत राहिला आणि पाडव्याच्या संध्याकाळी आमच्या डोक्यावर आला. विचारणारा शेतकरी क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, "मंग विहिरीच्या तोंडावर बसवाले बरं होईल." सगळे हसले, मीही हसलो. पण "कोन्या कामाचं" हा प्रश्न त्या वर्षी मला पुन्हा एकदा भेटायचा होता, दिवाळीत, घरातच, आणि तेथे हसून सुटका नव्हती.

माझी भाची पुण्याला राहून खगोलशास्त्रात संशोधन करते. अंतराळातल्या क्ष-किरण दुर्बिणींनी पाठवलेले आकडे घेऊन ती मेलेल्या ताऱ्यांचा अभ्यास करते. त्या दिवाळीच्या सुमारास तिची शिष्यवृत्ती संपत आली होती आणि नागपूरला एका कॉलेजात शिकवायची जागा चालून आली होती. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, आरमोरीला दिलेली. भाऊबीजेला माहेरी आली ती फराळाच्या डब्याबरोबर ही फिर्यादही घेऊनच. "दादा, तूच सांग तिले. तुझं ऐकते ते." मी मान डोलावली. मलाही मनातून वाटत होते की पोरीने आता स्थिर व्हावे. नागपूर जवळ आहे, पगार महिन्याच्या महिन्याला आहे. मेलेले तारे काही कोठे पळून जात नाहीत.

मग अनारसे तळता तळता बहीण एक वाक्य बोलली आणि माझ्या हातातली झाऱ्याची मूठ तशीच राहिली.

"माह्या मायचा एक फोटो काढाले पंधरा दिवस फिलिम नव्हती. अन् हे मेलेल्या ताऱ्यांचे फोटो काढते. रोज!"

हे समजायला १९६८ सालच्या हिवाळ्यात जावे लागेल. मी पंधरा वर्षांचा होतो, बहीण सहा वर्षांची. आईचा खोकला पावसाळ्यापासून सुटत नव्हता, संध्याकाळ झाली की अंगात कणकण यायची, आणि धानाच्या कापणीत एक दिवस तिच्या पदराला रक्त लागले. वडील तिला छोट्या गाडीने चांद्याला घेऊन गेले. गोंदियाहून नागभीड, सिंदेवाही, मूल करीत चांदा फोर्टला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी. तिच्याइतकी दमेकरी गाडी मी दुसरी पाहिली नाही. शहराचे नाव कागदोपत्री चंद्रपूर झाले होते, पण लोकांच्या तोंडी चांदाच होते. दवाखान्यात सांगितले की, छातीचा फोटो काढावा लागेल, पण फिल्म संपली आहे. पंधरा दिवसांनी या. पंधरा दिवसांनी पुन्हा गेले, त्या वेळी मीही बरोबर होतो. डॉक्टरांनी ती काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि बोटाने एक पांढरट डाग दाखवला. येताना गाडीत आई म्हणाली, "माह्या आतलं मलेच नाई दिसलं, अन् त्याले दिसलं." त्यात तक्रार नव्हती, नवल होते.

इंजेक्शने झाली, गोळ्या झाल्या, मधल्या काळात ती बरीही वाटली. १९७१ साली गेली. त्या पंधरा दिवसांनी काय फरक पडला असता हे कोणीही सांगू शकणार नाही. बहिणीला मात्र सांगता येते. तिच्या लेखी सगळे गणित त्या पंधरा दिवसांत आहे.

वर्गात मी तीस-पस्तीस वर्षे रोंटगेनची गोष्ट सांगितली. १८९५ साली तो काचेच्या नळीतून वीज सोडून पाहत होता, वैद्यकाचा विचारही त्याच्या मनात नव्हता, आणि त्यातून क्ष-किरण निघाले. पुढे त्याने बायकोच्या हाताची हाडे आणि अंगठी टिपली. म्हणून, मुलांनो, शोधाला उपयोग विचारू नये. हा दाखला मला तोंडपाठ आहे. पण त्या दिवशी चुलीसमोर तो तोंडातून फुटेना. बहिणीचा प्रश्न शोधाविषयी नव्हताच, वाटपाविषयी होता. रोंटगेनच्या शोधानंतर त्र्याहत्तर वर्षांनीही आमच्या आईपर्यंत फिल्म पोचली नव्हती. त्याला रोंटगेन काय करणार?

२४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होते. पूजा आटोपली, पणत्या कठड्यावर लागल्या आणि भाची गच्चीवर जाऊन बसली. आमच्याकडे हल्ली रात्री अंगणात बसायची सोय राहिलेली नाही. वाघ गावाच्या कडेपर्यंत येतो, तेव्हा आकाश पाहायचे ते गच्चीवरूनच. मी उपदेशाची पहिली दोन वाक्ये मनात जुळवून वर गेलो. म्हटले, आधी थोडे इकडचे तिकडचे बोलावे.

"त्या कड्याचं काय झालं मामा?" तिनेच विचारले. पुण्याला राहून तिची बोली सुधारली आहे. चिडली की मात्र आरमोरी बाहेर येते. "मी तुम्हाला दुसरं एक कडं दाखवते." तिने मोबाइलवर एक चित्र काढून हातात दिले. निळसर धुराचा लोट, त्यात एक लखलखते कडे, कड्याच्या मध्यभागी टिंब आणि त्या टिंबातून दोन बाजूंना निघालेली पिचकारीसारखी धार. "हे चंद्रानं काढलं."

मला वाटले, चंद्रपूरचा कोणी मुलगा असेल. ती हसून हसून बेजार झाली. चंद्रा ही १९९९ साली अमेरिकेने अंतराळात सोडलेली क्ष-किरण दुर्बीण. नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे. १९३० साली एकोणीस वर्षांचा हा मुलगा बोटीने विलायतेला शिकायला निघाला आणि वाटेत त्याने हिशेब मांडला की, जळण संपलेला तारा एका मर्यादेपर्यंतच स्वतःचे वजन पेलू शकतो. ती मर्यादा आज सूर्याच्या सुमारे १.४ पट धरतात. गाभा त्याहून जड झाला की तो आत कोसळतो. कोसळून काय उरते, तर अशी वस्तू की जिचे वजन सूर्यापेक्षा जास्त आणि आकार आमच्या एका तालुक्यात मावेल एवढा. तिला न्यूट्रॉन तारा म्हणतात. चित्रातले टिंब म्हणजे तो. तो स्वतःभोवती सेकंदाला तीस वेळा फिरतो, आणि दीपगृहाचा झोत फिरावा तसा त्याचा झोत आपल्यावरून जातो, म्हणून त्याला स्पंदक म्हणतात. इंग्रजीतला पल्सार तो हाच.

"आणि हे कडं?"

"मोरीत नळाखाली परात उपडी घातलीये कधी? धार मध्ये पडते, पाणी पातळ होऊन चहूकडे सरसर पळतं, आणि थोड्या अंतरावर एकदम थबकतं. तिथं पाण्याचा गोल वरंबा उभा राहतो. तसंच हे. ताऱ्यातून वारा सुटतो. हवेचा नाही, इलेक्ट्रॉनांचा आणि त्यांच्या उलट भाराच्या जोडीदारांचा, जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं. पुढं आधीच साठलेला ढग असतो. वारा त्याला थडकतो तिथं कडं दिसतं."

हे कडे लाडबोरीच्या कड्याहून थोडे मोठे आहे. प्रकाशाला एका काठावरून दुसऱ्या काठावर जायला सुमारे एक वर्ष लागते; या दिवाळीला निघाला तर पुढच्या दिवाळीला पोचेल. ज्या ढगात ते आहे त्याला खेकडा, म्हणजे क्रॅब तेजोमेघ म्हणतात. पृथ्वीपासून अंतर सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षे.

या ढगाचा जन्म माणसांनी पाहिला आहे. ४ जुलै १०५४ रोजी चीनच्या ज्योतिष्यांनी वृषभ राशीत एक पाहुणा तारा नोंदला. तेवीस दिवस तो भर दिवसा दिसत होता, आणि रात्री १०५६ च्या एप्रिलपर्यंत. मला लगेच आमचे मार्कंडा आठवले. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ, वैनगंगा जेथे वळून उत्तरेला वाहते तेथली ती शिल्पांनी लगडलेली मंदिरे त्याच शतकांच्या आसपासची. तेथल्या पाथरवटांनी तो तारा पाहिला असेल का? जुलैत आमच्याकडे आकाश कोठले दिसायला! पण पाऊस सरल्यावर १०५४ च्या आणि १०५५ च्याही दिवाळीत तो रात्री आकाशात होता. पणत्या लावून वर बघणाऱ्याला तो दिसल्यावाचून राहिला नसेल. लिहून मात्र कोणी ठेवले नाही.

तर तारा मेला तो तेव्हा, म्हणजे तेव्हा आपल्याला कळले. मग आज तेथे उजेड कशाचा? भाचीचे सगळे काम या एका प्रश्नाभोवती आहे, आणि आता मी उपदेश विसरून ऐकू लागलो होतो.

ती म्हणाली, साध्या दुर्बिणीतून जो ढग दिसतो तो बराचसा हजार वर्षांत साठलेला संसार आहे. क्ष-किरणांत मात्र आजचा स्वयंपाक दिसतो. वाऱ्यातले इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांभोवती गरगरतात आणि गरगरताना प्रकाश टाकतात. जे सर्वांत जोराचे, ते क्ष-किरण टाकतात. पण तेवढ्याच उधळेपणाने आपली शक्ती खर्चून वर्षा-दोन वर्षांत मंद होतात. म्हणून क्ष-किरणांतला खेकडा लहान दिसतो, पुरता ढग न व्यापता मधल्या भागातच. आणि तो अजून तेजस्वी आहे याचा अर्थच असा की कोणीतरी रोज ताजे तेल घालते आहे.

हे सारे जमिनीवरून दिसत नाही, ही यातली मोठी अडचण. दवाखान्यातले क्ष-किरण अंगातून आरपार जातात, तेव्हा हवेतून ते सहज येत असतील असे वाटते. पण आपल्या डोक्यावरच्या हवेचे वजन दहा मीटर खोल पाण्याइतके आहे, आणि तेवढ्यातून ते पार होत नाहीत. बरेच आहे म्हणायचे. नाहीतर आपण सगळे जन्मभर फोटोच्या यंत्रात उभे राहिलो असतो. आणखी एक फरक तिने सांगितला तो मला फार आवडला: दवाखान्यात दिवा आपला आणि सावली आजाऱ्याची, आकाशात दिवाच तिकडचा, आपण फक्त फिल्म घेऊन उभे राहायचे, आणि तेही हवेच्या वर.

वर जायचे कसे, यावर माणसांनी फार खटपटी केल्या. १९६४ च्या जुलैत खेकडा चंद्राच्या आड जाणार होता. अमेरिकन शास्त्रज्ञांनी नेमक्या त्या मिनिटांत एक अग्निबाण वर सोडला. हवेच्या वर मिळाली ती पाचेक मिनिटे. प्रश्न एवढाच की, क्ष-किरण चटकन विझतात की हळूहळू? चटकन विझले तर ते एका टिंबातून येतात, हळूहळू विझले तर पसरट ढगातून. ते हळूहळू विझले. चंद्राचा पडदा करून घेतलेला हा फोटो मला त्या कोट्यवधी रुपयांच्या दुर्बिणींपेक्षाही जास्त हुशारीचा वाटतो. ढगाच्या पोटातला स्पंदक सापडायला मात्र आणखी चार वर्षे गेली, १९६८ साल उजाडावे लागले. त्याच १९६८ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून बलून सोडून आपल्याकडचे क्ष-किरण खगोलशास्त्र सुरू केले. ती हे सहज सांगून गेली. त्या वर्षीच्या हिवाळ्यात आम्ही छोट्या गाडीत बसून चांद्याला चाललो होतो, हे मी तिला तेव्हा सांगितले नाही.

बलूनवरून आठवले. टाटा संस्थेचे हैदराबादचे केंद्र प्लॅस्टिकच्या पातळ कागदाचे प्रचंड बलून सोडते. ते तीस ते बेचाळीस किलोमीटर उंच जातात आणि काम झाले की उपकरणे रंगीत हवाई छत्रीने खाली येतात. कोठे येतील ते वाऱ्याच्या हाती. म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतून जाहीर सूचना निघते आणि तिच्यात चंद्रपूर, गडचिरोली ही नावेही असतात: अशी वस्तू सापडल्यास हात लावू नये, उघडू नये, जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा टपाल कचेरीस कळवावे, योग्य ते बक्षीस मिळेल. एका वर्षी मी ती वर्गात वाचून दाखवली आणि पस्तावलो. साऱ्या हिवाळाभर पोरांचे डोळे फळ्यावर ठरेनात, सगळे खिडकीतून वर. एकाने तर लग्नाच्या मांडवाची उडालेली कनात पकडून आणली. खरी छत्री आमच्या वाट्याला कधी आली नाही. पण पुण्या-मुंबईचे विज्ञान आमच्या रानात उतरू शकते, आणि त्यासाठी आमच्या पोलीस पाटलाची मदत लागते, याचे मला तेव्हाही अप्रूप वाटले होते आणि आजही वाटते.

२८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून ॲस्ट्रोसॅट गेला. त्याच्यावर एक यंत्र आहे, टाटा संस्थेच्या पुढाकाराने अनेक संस्थांनी मिळून बांधलेले. भाचीचे आकडे मुख्यतः त्याचे. जोराचे क्ष-किरण आरशावर वळवणे कठीण; मऊ किरणांचे तसे नाही, चपटी खापरी तलावावर तिरपी फेकली की टप्पे घेत जाते तसे ते अगदी तिरप्या आरशावरून घसरवता येतात, आणि चंद्रा दुर्बीण तेच करते. जोराचे किरण घुसतातच. मग या यंत्रात आरसा नाहीच. डोक्यावर भोकाभोकांचा एक धातूचा पडदा आहे आणि खाली सोळा हजारांवर बारीक घरे. बुरडाने विणलेल्या तट्ट्यातून सकाळचे ऊन घरात येते तेव्हा जमिनीवर जी नक्षी पडते, ती सूर्य सरकला की सरकते. नक्षी कोठे पडली यावरून सूर्य कोठे आहे ते सांगता येईल. तेच येथे.

या तट्ट्याने खेकड्याकडे महिनोन् महिने पाहिले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आला. प्रकाशाच्या लाटा कोणत्या दिशेने हेलकावतात हे मोजता येते, त्याला ध्रुवण म्हणतात. दोर हलवताना तो उभा हलतो आहे की आडवा, असे समजा. स्पंदकाचा झोत आपल्यावरून गेला की एक क्षण शांत जातो. समजूत अशी होती की, त्या मधल्या क्षणी दिसतो तो नुसता ढग, तेव्हा ध्रुवण एकसारखे असावे. पण मोजले तर त्या शांत क्षणातही ते बदलत होते! ज्या ढगाचे एक कडेच ओलांडायला प्रकाशाला वर्ष लागते, तो सेकंदाच्या तिसाव्या भागात कसा बदलेल? म्हणजे त्या वेळीही ताऱ्याचेच काहीतरी चालू असते. काय, ते अजून पुरते कोणी सांगितलेले नाही. "म्हणून मला नागपूरला नाही जायचं, मामा," ती म्हणाली. मी अजून नागपूरचे नावही काढले नव्हते.

पुढची हकीकत थोडक्यात सांगून टाकतो. तिने जागा घेतली नाही, काम चालू ठेवले. त्याच डिसेंबरात बातमी आली की, आयएक्सपीई या अमेरिकन-इटालियन उपग्रहाने वेला नावाच्या दुसऱ्या स्पंदकाभोवतीच्या ढगात काही ठिकाणी साठ टक्क्यांहून अधिक ध्रुवण मोजले. एवढ्या धुमाळीत चुंबकीय रेषा इतक्या शिस्तीत कशा, याचे सगळ्यांना आश्चर्य. १ जानेवारी २०२४ रोजी इस्रोचा एक्सपोसॅट याच कामासाठी वर गेला. भाचीने मला पहाटे फोन करून उठवले होते.

पण त्या रात्रीचे राहिलेच. आमचे बोलणे चालू असताना बहीण तेलाची बुधली घेऊन वर आली. तिने कठड्यावरच्या पणत्यांत एकेक करून तेल घातले, वाती सारख्या केल्या. मग आमच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "तेल संपलं का दिवा जाते. तुह्या मेलेल्या ताऱ्यात तेल कोन घालते?"

मी भाचीकडे पाहिले. तिने घाई केली नाही.

"आई, खाली आजीचं जातं आहे ना? दळताना खुंटा सोडला तरी ते दोन-चार फेरे आपलं आपण फिरतं. हा तारा तसाच फिरतोय. जळण संपलं, पण फिरणं राहिलं. त्या फिरण्यातनं वारा निघतो, वाऱ्यातनं उजेड. लाख सूर्यांहून जास्त."

"मंग मंद होत असन."

"होतो. रोज थोडा. एका फेऱ्याला आज लागतो त्यापेक्षा उद्या सेकंदाचे छत्तीस अब्जांश जास्त लागतील. तेवढंही मोजता येतं."

बहीण बुधली खाली ठेवून बसली. पाच-दहा मिनिटे कोणीच बोलले नाही. मग भाची हलक्या आवाजात म्हणाली, "आजीच्या फिल्मचं तू म्हणतेस ते मला मान्य आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही." बहिणीने हुंकार भरला. तो होकार होता की नव्हता, भाऊ असूनही मला कळले नाही.

अकरा वाजून गेले. अमावास्येचे आकाश काळेभोर. पूर्वेला मृग झाडांच्या वर येऊ लागला होता. टाटा संस्थेच्या मयंक वाहियांनी गोंड गावांतून फिरून त्यांच्या आकाशाची नोंद केली आहे. मृगाच्या पट्ट्याला आमचे गोंड लोक नांगर म्हणतात. तो नांगर आणि वर वृषभ, म्हणजे बैल. त्या दिवाळीत मंगळही नेमका बैलाच्या शिंगांपाशी येऊन बसला होता, लालभडक.

"कोठी आहे म्हन्ते तू तो खेकडा?" बहिणीने विचारले.

"त्या लाल ताऱ्याच्या दीड-दोन बोटं वर, थोडं उजवीकडे."

बहिणीने हात लांब करून बोटे मोजली, एक डोळा मिटला, पुन्हा उघडला.

"मले तं काईच नाई दिसत."

"मलाही नाही दिसत, आई. नुसत्या डोळ्यांनी नाहीच दिसत तो."

बहीण तरी पाहत राहिली. एक पणती फडफडली, तिने वात पुढे ओढली. मग मला म्हणाली, "दादा, मायचा तो फोटो आहे काय अजून?"

"आहे. पेटीत आहे."

"उद्या गिरान आहे. परवा काढजो, पोरीले दाखवजो."